न आलेला 'म्यूल': डॅनी बंटन बेरी यांचं आयुष्य आणि दोन अपूर्ण खेळ

जुन्या होम कॉम्प्युटरचा नाद असणारे लोक साधारण दोन प्रकारचे असतात. काहींना बाजारात आलेलं सगळं जमवायचं असतं. काही मात्र बाजारात कधी आलंच नाही त्याच्या मागे लागतात. मी दुसऱ्या गटातला. ज्या सॉफ्टवेअरची जाहिरात झाली पण डिस्क निघाली नाही, जे अर्धं लिहून झालं आणि कंपनीने थांबवलं, त्याचा माग काढणं हा माझा रिकाम्या वेळेतला उद्योग आहे.

या उद्योगात एक नाव सारखं समोर येतं: डॅनी बंटन बेरी. १९८० च्या दशकातल्या होम कॉम्प्युटरवरचे काही फार वेगळे खेळ त्यांनी बनवले. त्यांचा सगळ्यात गाजलेला खेळ 'म्यूल'. तो आजही खेळला जातो. पण त्याच खेळाच्या दोन आवृत्त्या अशा आहेत, ज्या कधीच लोकांपर्यंत पोचल्या नाहीत. पहिली त्यांनी स्वतः नकार दिला म्हणून, आणि दुसरी त्या वारल्या म्हणून. या दोन आवृत्त्या समजून घ्यायच्या तर आधी बाईंचं आयुष्य समजून घ्यावं लागतं, म्हणून आज तेच सांगतो.

एक खुलासा आधीच करतो. त्यांचे बहुतेक खेळ 'डॅन बंटन' या नावाने निघाले. त्या जन्माने पुरुष होत्या आणि १९९२ पासून स्त्री म्हणून जगल्या. मी या लेखात सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'त्या' असंच लिहिणार आहे. हा नावाचा मुद्दा शोधकामातही येतो, त्याबद्दल पुढे बोलू.

सहा भावंडांचं घर

डॅनी यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९४९ चा, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातला. पुढे कुटुंब आर्कान्सा राज्यात लिटल रॉक इथे राहायला गेलं. सहा भावंडांत त्या थोरल्या. घरात पैशांची ओढाताण असायची, त्यामुळे शिकत असतानाच त्यांनी औषधांच्या दुकानात नोकरी धरली.

पण या घराची एक गोष्ट त्यांच्या कायम लक्षात राहिली. सगळे एकत्र बसून पटावरचे खेळ खेळायचे, तेव्हा घर खऱ्या अर्थाने एकत्र यायचं. त्यांच्या पुढच्या कामाची किल्ली इथेच आहे. त्यांच्यासाठी खेळ म्हणजे चार माणसांनी एका टेबलाभोवती बसण्याचं निमित्त होतं. कॉम्प्युटर हातात आल्यावरही त्यांनी हा विचार सोडला नाही, आणि याच विचाराने त्यांना नाव मिळवून दिलं तसं नुकसानही केलं.

आर्कान्सा विद्यापीठातून १९७४ साली त्यांनी इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. विद्यार्थी असताना त्यांनी सायकलींचं दुकानही काढलं होतं! पुढे नॅशनल सायन्स फाउंडेशनसाठी शहरांची गणिती मॉडेल्स बनवण्याचं काम केलं. लोकसंख्या, रस्ते, पैसा हे सगळं आकड्यांत बसवायचं आणि एक आकडा हलवला की बाकीचे कसे हलतात ते बघायचं. 'म्यूल'चा बाजार ज्या डोक्यातून निघाला, त्या डोक्याची तालीम अशी झाली होती.

५० प्रती खपलेला खेळ

१९७८ साली त्यांनी ॲपल टू कॉम्प्युटरसाठी 'व्हीलर डीलर्स' नावाचा खेळ लिहिला आणि स्पीकइझी सॉफ्टवेअर या कॅनडातल्या कंपनीला विकला. चार जणांनी एकाच वेळी लिलावात बोली लावायची, असा तो खेळ.

आता अडचण बघा. चार जणांनी एकदम बोली लावायची, तर कॉम्प्युटरला कळणार कसं की कोणी बोली लावली? म्हणून खेळासोबत खास कंट्रोलर द्यावा लागला. त्याने किंमत गेली ३५ डॉलरवर. त्या काळी बहुतेक खेळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून १५ डॉलरच्या आसपास विकले जायचे. लोकांनी पाठ फिरवली. खपल्या फक्त ५० प्रती.

आजच्या भाषेत प्रॉडक्ट आपटलं. पण कल्पना गेली नाही. मधल्या काळात स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्स या कंपनीसाठी त्यांनी तीन खेळ केले: 'कॉम्प्युटर क्वार्टरबॅक' आणि 'कार्टेल्स अँड कटथ्रोट्स' (दोन्ही १९८१), मग 'सायट्रॉन मास्टर्स' (१९८२). यातला मधला खेळ कंपन्या चालवण्याचा, स्पर्धेचा आणि बाजारभावांचा होता.

हा खेळ ट्रिप हॉकिन्स यांना फार आवडला. त्यांनी १९८२ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी सुरू केली होती आणि त्यांना तो खेळ विकत हवा होता. जुन्या प्रकाशकाने हक्क द्यायला नकार दिला. मग डॅनी यांनी सांगितलं, की याहून चांगला नवीन करून देते. भाऊ बिल बंटन, जिम रशिंग आणि ॲलन वॉटसन यांना घेऊन त्यांनी ओझार्क सॉफ्टस्केप नावाचा गट बांधला आणि लिटल रॉकमध्ये काम सुरू झालं. १९८३ मध्ये जो खेळ आला तो 'म्यूल'.

चार जॉयस्टिक आणि एक बाजार

'म्यूल' पहिल्यांदा अटारी ८०० वर आला, आणि त्याला कारण आहे. या होम कॉम्प्युटरला पुढच्या बाजूला जॉयस्टिकसाठी चार पोर्ट होते. 'व्हीलर डीलर्स'च्या वेळी जो कंट्रोलर वेगळा बनवावा लागला, त्याची सोय इथे मशीनमध्येच होती. चौघांनी आपापली जॉयस्टिक लावायची आणि टीव्हीसमोर बसायचं.

खेळ घडतो इराटा नावाच्या ग्रहावर. 'अटारी' उलटं वाचा, नाव सापडेल. चार खेळाडू तिथे वसाहत उभारतात. प्रत्येकाला जमिनीचे तुकडे मिळतात. त्यावर म्यूल, म्हणजे खेचरासारखा कामाचा यंत्रप्राणी, नेऊन बसवायचा आणि अन्न, ऊर्जा किंवा स्मिथोर नावाचं खनिज काढायचं. वरच्या पातळीवर क्रिस्टाइट नावाचं महागडं खनिजही येतं.

थोडक्यात, हा आपल्या 'व्यापार'च्या जातीचा खेळ वाटेल. पण खरी गंमत त्यातल्या लिलावात आहे. पडद्याच्या वरच्या बाजूला विकणारे उभे, खालच्या बाजूला घेणारे. घेणारा वर चालत गेला की त्याची बोली वाढते. विकणारा खाली उतरला की त्याचा भाव उतरतो. दोघं एका रेषेत आले की सौदा सुरू, आणि उभे राहतील तोवर एकेक नग हात बदलतो. वेळ मोजकाच. किंमत टाइप करायची नाही, मेनू नाही. जॉयस्टिक वर आणि खाली, बस्स. भाव कसा ठरतो, हे इतक्या सोप्या पद्धतीने समजावणारा दुसरा खेळ मी तरी पाहिलेला नाही.

आता यामागचे नियम बघा:

- अन्न कमी पडलं, तर पुढच्या फेरीत काम करायला वेळ कमी मिळतो.
- ऊर्जा कमी पडली, तर काही जमिनी उत्पादनच देत नाहीत.
- सगळ्यांनी स्मिथोर काढणं सोडलं, तर दुकानात नवीन म्यूल बनत नाहीत आणि म्यूलचा भाव चढतो.
- साठवलेलं अन्न काही प्रमाणात नासतं, म्हणजे नुसती साठेबाजी करून भागत नाही.
- पुढे असलेल्या खेळाडूच्या वाट्याला नशिबाची कृपा येत नाही, आणि सगळ्यात मागे असलेल्यावर वाईट घटना कोसळत नाही.

शेवटचा नियम नीट बघा. घरात धाकटं भावंड सारखं हरलं की डाव सोडून उठतं आणि खेळ मोडतो. सहा भावंडांत थोरली असलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

शेवटी जिंकतो एकच, पण वसाहतीची एकूण कमाईसुद्धा मोजली जाते. तुम्ही तिघांना उपाशी ठेवून पहिले आलात आणि वसाहत बुडाली, तर खेळ ते तुमच्या तोंडावर सांगतो. स्पर्धा आहे, पण समोरच्याला पूर्ण संपवून तुमचंही भलं होत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण दहा वर्षांनी याच मुद्द्यावर गाडं अडलं.

हे सगळं ४८ केबी मेमरीत बसवलेलं होतं. म्हणजे आज फोनवर आलेला एखादा साधा फोटोसुद्धा याहून कितीतरी मोठा असतो.

'म्यूल'च्या सुमारे ३०,००० प्रती खपल्या. कौतुक प्रचंड झालं, पैसा बेताचा आला. डिस्कच्या चोरून केलेल्या नकलाही भरपूर फिरल्या.

एकट्याचा खेळ खपतो

१९८४ चा 'सेव्हन सिटीज ऑफ गोल्ड' मात्र दणक्यात चालला. स्पेनहून जहाज घेऊन निघायचं आणि नव्या खंडाचा शोध घ्यायचा. खऱ्या नकाशावर खेळता यायचं किंवा कॉम्प्युटरला दरवेळी नवीन खंड तयार करायला सांगता यायचं. भेटलेल्या स्थानिक लोकांशी व्यापार करायचा की त्यांना मारायचं, हे खेळणाऱ्याच्या हातात होतं. दीड लाखांहून जास्त प्रती गेल्या. बंटन यांच्या सगळ्या खेळांत हाच सगळ्यात जास्त खपला, आणि तो एकट्याने खेळायचा होता!

यात त्यांची पंचाईत झाली. कंपनीला तसाच आणखी एक हवा होता, म्हणून १९८५ मध्ये 'हार्ट ऑफ आफ्रिका' आला. पण त्यांचं मन परत टेबलाभोवतीच्या चौघांकडे गेलं. १९८६ चा 'रोबॉट रास्कल्स' त्यांनी पत्त्यांचा जोड आणि कॉम्प्युटर एकत्र वापरून केला. त्यात एकट्याने खेळायची सोयच ठेवली नाही. खपल्या सुमारे ९,००० प्रती.

१९८८ मध्ये त्यांनी 'मोडेम वॉर्स' केला. दोन घरांत दोन कॉम्प्युटर, मध्ये टेलिफोनची तार, आणि दोघांची लढाई एकाच वेळी चालू. झालेला सामना रेकॉर्ड करून नंतर सिनेमासारखा बघताही यायचा. आज हे रोजचं झालंय. पण तेव्हा मोडेम किती जणांकडे होता? पुढे मायक्रोप्रोजसाठी त्यांनी 'कमांड एचक्यू' (१९९०) आणि नेटवर्कवर चौघांनी खेळायचा 'ग्लोबल कॉन्क्वेस्ट' (१९९२) हे खेळ केले. म्हणजे ऑनलाइन खेळांचा काळ यायच्या आधीच त्या तिथे जाऊन बसल्या होत्या. लोक मागून आले.

पहिला न आलेला 'म्यूल'

१९९२ च्या नोव्हेंबरमध्ये डॅनी यांनी लिंगबदल केला. त्याबद्दल त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिलं, त्याची मोजावी लागलेली किंमतसुद्धा लपवली नाही. या काळात त्यांचं काम खूप कमी झालं.

याच सुमारास 'म्यूल' सेगा जेनेसिस या कन्सोलवर आणायचं चाललं होतं. काम बरंच पुढे, चाचणीच्या टप्प्यापर्यंत गेलं. तेव्हा प्रकाशकाकडून मागणी आली, की यात बंदुका आणि बॉम्ब घाला. बाजार बदलला होता आणि कन्सोलवर मारामारी खपत होती.

डॅनी यांनी नकार दिला. आवृत्ती तिथेच थांबली.

वरवर बघता हा हट्ट वाटतो. चार बंदुका टाकल्या असत्या तर खेळ लाखो मुलांपर्यंत गेला असता, त्यांनाही पैसे मिळाले असते, आणि तेव्हा त्यांचा काळ काही सोपा नव्हता. पण वरचे नियम पुन्हा आठवा. दुसऱ्याचा म्यूल बॉम्बने उडवता आला, तर अन्नाची टंचाई, चढता भाव, साठेबाजी कशालाच अर्थ उरत नाही. भावासाठी घासाघीस करण्यापेक्षा समोरच्याला उडवणं स्वस्त पडतं. मागे पडलेल्याला सांभाळून घेणारा नियम निकामी होतो. नाव 'म्यूल' राहिलं असतं, आतला खेळ वेगळाच झाला असता. मला त्यांचा नकार म्हणूनच एका इंजिनिअरने घेतलेला निर्णय वाटतो. यंत्राचा मुख्य भाग काढायला सांगितला, आणि बनवणारीने मग यंत्रच नको म्हटलं.

असं सॉफ्टवेअर शोधतात कसं?

बऱ्याच वाचकांना वाटतं की न आलेलं सॉफ्टवेअर म्हणजे कायमचं गेलेलं सॉफ्टवेअर. तसं नसतं. कामाची पद्धत थोडक्यात सांगतो.

सुरुवात कागदापासून होते. जुन्या मासिकांमधल्या जाहिराती, लवकरच येत असलेल्या खेळांच्या याद्या, कंपन्यांचे कॅटलॉग. यादीत नाव आहे पण परीक्षण कुठेच छापलेलं नाही, असं दिसलं की संशय घ्यायचा. कधी नाव बदलून तोच खेळ बाजारात आलेला असतो, तेही तपासावं लागतं.

मग माणसं. प्रोग्रामर, चित्रकार, संगीत देणारे, चाचणी करणारे. आठवणी दगा देतात, म्हणून एकाचं सांगणं दुसऱ्याशी ताडून बघायचं.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष वस्तू. होम कॉम्प्युटरच्या बाबतीत बहुतेक वेळा फ्लॉपी किंवा कॅसेट, आणि कार्ट्रिजच्या बाबतीत ईप्रॉम नावाची चिप. ही चिप अतिनील किरणांनी पुसून पुन्हा लिहिता येते. तिच्यावर काचेची छोटी खिडकी असते आणि ती स्टिकरने झाकलेली असते. स्टिकरवर बहुतेक वेळा पेनाने खेळाचं नाव आणि तारीख खरडलेली. तो स्टिकर निघाला आणि चिप उन्हात पडून राहिली, तर आतला मजकूर हळूहळू जातो. फ्लॉपीवरचं चुंबकीय लेखनही वर्षागणिक क्षीण होतं. म्हणून अशी वस्तू मिळाली की ती कॉम्प्युटरला लावून खेळायची नाही. आधी तिची बिटनुबिट प्रत काढायची, शक्यतो दोनदा, आणि दोन्ही प्रती जुळतात का बघायचं.

फ्रँक गॅस्किंग यांच्यासारख्या लोकांनी 'गेम्स दॅट वेअरन्ट' या संग्रहात वर्षानुवर्षं हेच काम केलंय. आधी मुख्यतः कॉमोडोर ६४ च्या खेळांसाठी, मग इतर मशीनसाठीही. २०२० मध्ये त्यांचं याच नावाचं जाडजूड पुस्तक निघालं.

नावाची नोंद

आता तो नावाचा मुद्दा. समजा तुम्ही अशा खेळांची यादी करताय. बनवणाऱ्याच्या रकान्यात काय लिहाल? खोक्यावर छापलंय 'डॅन बंटन'. फक्त तेवढंच लिहिलं, तर १९९२ नंतरचं काम वेगळ्याच माणसाच्या नावावर दिसेल. फक्त नवं नाव लिहिलं, तर जुन्या मासिकांत शोधणाऱ्याला काही सापडणार नाही. मी माझ्या नोंदींत मुख्य नाव त्यांनी स्वतः घेतलेलंच ठेवतो, आणि खोक्यावर काय छापलंय ते वेगळ्या रकान्यात लिहितो. दोन्हीचं काम वेगळं आहे. एक माणसाची ओळख सांगतं, दुसरं वस्तूची.

मराठीत आणखी एक पेच आहे. 'खेळ केला' म्हटलं तर भागतं, पण 'तो बसला' की 'ती बसली' हे क्रियापदच विचारतं. इंग्रजीत पळवाट मिळते, आपल्याकडे मिळत नाही. अशा वेळी आदरार्थी 'त्या' लिहिण्यात मला काही अडचण दिसत नाही. ज्या माणसाबद्दल लिहायचं, तिने काय सांगितलं होतं ते ऐकायचं, एवढंच.

दुसरा न आलेला 'म्यूल'

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत इंटरनेट घरोघरी पोचू लागलं होतं. ज्या गोष्टीसाठी त्यांनी १९७८ मध्ये कंट्रोलर बनवायला लावला आणि १९८८ मध्ये टेलिफोनची तार वापरली, ती आता आयती मिळत होती. १९९७ मध्ये त्यांनी 'वॉरस्पोर्ट' हा ऑनलाइन खेळ केला. आणि मग 'म्यूल'च्या इंटरनेट आवृत्तीची आखणी हातात घेतली.

मे १९९८ मध्ये कॉम्प्युटर गेम डेव्हलपर्स असोसिएशनने त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला. ३ जुलै १९९८ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्या गेल्या. वय ४९. इंटरनेटवरचा 'म्यूल' आखणीतच राहिला.

विल राइट यांनी २००० साली आलेला 'द सिम्स' त्यांना अर्पण केला. २००७ मध्ये अमेरिकेतल्या इंटरॅक्टिव्ह आर्ट्स अकादमीने त्यांचं नाव आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

आम्ही शोधक मंडळी न आलेल्या सॉफ्टवेअरच्या नोंदीत एक ओळ हमखास लिहितो: का थांबलं. बहुतेक वेळा उत्तर तेच तेच असतं. कंपनी बुडाली, मशीन जुनं झालं, पैसे संपले. जेनेसिसच्या 'म्यूल'पुढे मात्र लिहावं लागतं, की बनवणारीने नाही म्हटलं. ज्या दिवशी एखाद्या चिपवरून ती अर्धवट आवृत्ती कोणी पडद्यावर आणेल, तेव्हा ती खेळताना हे कारण माहीत असायला हवं.

तोवर १९८३ चा मूळ खेळ आहेच. अटारीचा एम्युलेटर कुठल्याही साध्या लॅपटॉपवर चालतो. एकट्याने खेळलात तर उरलेल्या जागा कॉम्प्युटर भरतो, पण तसं करू नका. तीन माणसं गोळा करा, चार कंट्रोलर लावा आणि पहिल्या लिलावात अन्नाचा भाव कुठे जातो ते बघा.